उघडली की गेली, हे खरं नाही

“ताई, ही आता टाकून द्या. उघडली की गेली.”

स्वयंपाकघरातल्या सिंकच्या कडेने सिलिकॉनची रेघ ओढून झाली होती. मिस्त्रींनी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ती एका दमात गुळगुळीत केली, गनमधून ट्यूब काढली आणि ओट्यावर ठेवता ठेवता हे वाक्य म्हटलं. काम सुरेख झालं होतं. मी ट्यूब उचलून पाहिली तर हाताला चांगली जड लागली. जवळजवळ भरलेलीच होती.

तेव्हापासून हे वाक्य मी ठिकठिकाणी ऐकते आहे. हार्डवेअरच्या दुकानात ऐकते, सोसायटीच्या सभेत ऐकते, घराचं काम काढलेल्या नातेवाइकांकडे ऐकते. दूध नासतं तसा हा निसर्गाचा नियमच आहे, अशा सुरात ते सांगितलं जातं आणि ऐकणारा मान डोलावून ट्यूब कचऱ्यात टाकतो. मला ते मान्य नाही. डोंबिवलीत पश्चिमेला तोंड असलेल्या घरात वीस पावसाळे काढताना खिडक्यांच्या, बेसिनच्या, मोरीच्या फटी मी माझ्या हाताने बुजवत आले आहे आणि उघडलेल्या ट्यूबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत वापरल्या आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: ट्यूब उघडल्याने मरत नाही. आत काय आहे ते न ओळखता ठेवल्याने मरते. आणि ते ओळखणं कुठल्याही घराला जमेल इतकं सोपं आहे.

आधी हिशेब मांडते, कारण ‘थोडंसं उरतं, त्यात काय’ असं म्हणणाऱ्यांनी तो सहसा केलेला नसतो. बाजारात मिळणारी नेहमीची ट्यूब साधारण २८० ते ३०० मिलीलिटरची असते. २४ बाय १८ इंचांच्या सिंकचा घेर धरा. तो ८४ इंच, म्हणजे २१३ सेंटिमीटर भरतो. रेघ ५ मिलिमीटर रुंद आणि तितकीच जाड ओढली, तर लागणारा माल ५३ मिलीलिटर. २८० च्या ट्यूबचा पाचवा हिस्सासुद्धा संपत नाही. त्याच जाडीची रेघ ओढायची तर एका ट्यूबमध्ये अकरा मीटरहून जास्त लांबी निघते. एका वेळी अकरा मीटर फट बुजवायची पाळी कुठल्या राहत्या घरावर येते? बेसिन हललं, खिडकीचा कोपरा गळला, ओट्यामागच्या टाइलचा सांधा सुटला, अशी घरातली कामं वीतभर-हातभर लांबीची असतात. तेव्हा ‘उघडली की गेली’ हे मान्य करणं म्हणजे विकत घेतलेल्या पाच भागांपैकी चार भाग फेकायचं कबूल करणं आहे. याला थोडंसं उरणं म्हणता येणार नाही.

आता आत काय आहे ते पाहू. आपण सरसकट ‘सिलिकॉन’ म्हणतो त्या ट्यूबांत निदान दोन परस्परविरुद्ध स्वभावाचे पदार्थ असतात, आणि बहुतेक घोटाळा तिथेच सुरू होतो. खरं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. ते वाळत नाही. हवेतली वाफ शोषून त्याची रासायनिक क्रिया होते आणि मऊ लगद्याचं रबर बनतं. बाथरूममध्ये लावताना शिरक्यासारखा आंबट, नाकाला झोंबणारा वास येतो तो या क्रियेत सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडचा. काही सिलिकॉनना हा वास नसतो, त्यांना ‘न्यूट्रल’ म्हणतात. पण घट्ट होण्यासाठी ओलावा त्यांनाही लागतोच. दुसरा पदार्थ ॲक्रिलिक. दाराच्या चौकटीभोवतीच्या, भिंतीतल्या बारीक फटी रंगाआधी भरायला रंगारी वापरतात तो. त्यात पाणी असतं, ते उडून गेलं की माल घट्ट होतो.

एकाला ओलावा बाहेर ठेवावा लागतो आणि दुसऱ्याला आत. हे आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही. लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागू द्यायचा नाही, तोंडावर कोरडा दादरा घट्ट बांधायचा, हे सांगायला कुणी रसायनशास्त्र शिकावं लागलं नाही. मळलेल्या कणकेवर मात आपण ओलं फडकं टाकतो, कारण तिचा ओलावा गेला तर वर खपली धरते. सिलिकॉन लोणच्यासारखं सांभाळायचं, ॲक्रिलिक कणकेसारखं. हा एक भेद लक्षात राहिला तरी निम्म्या ट्यूबा वाचतील.

आपल्या हवेत तर हा भेद डोळ्यांना दिसतो. जुलैत कोकणात किंवा मुंबईच्या पट्ट्यात हवा ओलीचिंब असते, तेव्हा सिलिकॉनवर भराभर साय धरते आणि ॲक्रिलिक मात्र दिवस दिवस ओलंच राहतं. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उलट होतं. ॲक्रिलिकचं तोंड उघडं राहिलं तर पाहता पाहता सुकतं. सिलिकॉनला मात्र कोरड्या हवेत सावकाशीने घ्यावं लागतं. म्हणून ‘आमच्याकडे अमुक दिवसांत वाळते’ असा कुणाचा अनुभव ऐकला तर ट्यूब कोणती आणि गाव कुठलं, हे आधी विचारावं.

आता मुख्य दाव्याकडे येते. उघडली की सिलिकॉनची ट्यूब लगेच जाते का? सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं. आधी साय धरते, मग ती जाड होते. पहिल्या २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर जाडी घट्ट होते. पण पुढे हा वेग टिकत नाही, कारण वाफेला आत जायचं तर आधीच घट्ट झालेल्या थरातून वाट काढावी लागते आणि थर जितका जाड तितकी वाट लांब. जाडी दुप्पट व्हायची तर वेळ साधारण चौपट लागतो, तिप्पट व्हायची तर नऊपट. पहिल्या दिवशी ३ मिलिमीटर धरले, तर ६ मिलिमीटरला ४ दिवस, ९ ला ९ दिवस आणि ३ सेंटिमीटरला १०० दिवस. नोझलचं प्लॅस्टिक थोडी वाफ आत सोडतं, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी वेळ लागतो; पण गणिताची दिशा हीच राहते. नोझलमध्ये राहिलेला माल स्वतःच घट्ट होऊन आतल्या मालाचं बूच बनतो. ‘उघडली की गेली’ म्हणणाऱ्यांनी जे मरण समजलं, ते आतल्या मालाचं संरक्षण असतं.

हे मी केवळ कागदावर मांडत नाही. आमच्या मजल्यावरचे एक ज्येष्ठ शेजारी एका रविवारी कचऱ्याच्या डब्याकडे चालले होते. हातात ट्यूब. म्हणाले, “दगड झालीय हो. गनचा घोडा दाबून दाबून बोट दुखलं.” मी म्हटलं, “काका, एक मिनिट द्या.” नोझल पिळून सोडवली. तिच्यात घट्ट झालेलं सिलिकॉन चिमटीत धरून ओढलं, तर ते नोझलच्या आकाराचं, गाजरासारखं निमुळतं, अख्खं एका तुकड्यात बाहेर आलं. प्लॅस्टिकच्या नोझलला सिलिकॉन चिकटत नाही, त्यामुळे आत कणही राहिला नाही. ट्यूबच्या गळ्याशी नखाएवढी एक टिकली घट्ट झाली होती, ती स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटली. खाली माल लोण्यासारखा मऊ होता. काचेच्या बाटलीवर एक रेघ ओढून ठेवली. अर्ध्या तासात साय धरली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नखाने खरवडूनही रेघ काचेवरून सुटेना. मग त्याच ट्यूबने काकांच्या बेसिनचं काम झालं.

त्या दिवशी कळलं की घराघरांतून टाकल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबा मेलेल्या नसतातच. नोझल घट्ट झालेली असते आणि सजा पूर्ण ट्यूबला होते. गन दाबली, काही आलं नाही, म्हणजे संपली, असा निवाडा करण्याआधी नोझल काढून पाहायला दहा सेकंद लागतात.

मग मिस्त्री खोटं बोलतात का? अजिबात नाही, आणि त्यांच्यावर दोष ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्या धंद्यात हे वाक्य खरं असतं. सकाळी एका घरात उघडलेली ट्यूब दुपारी दुसऱ्या घरात आणि संध्याकाळी तिसऱ्या घरात संपते. ती जपून ठेवायची वेळच येत नाही, आणि चार महिने पडलेल्या ट्यूबवर विसंबून उद्या काम सुटलं तर बोल त्यांना लागणार. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने तो धोका का घ्यावा? त्यांच्या जागी मीही नवीच ट्यूब मागितली असती. चूक आपली आहे. दिवसात ट्यूब संपवणाऱ्या धंद्याचा नियम आपण दोन वर्षांत ट्यूब संपवणाऱ्या घराला लावला. खानावळीत रोजचं पीठ रोज संपतं म्हणून घरच्या पिठाचा डबा रोज रात्री रिकामा करावा असं आपण म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद पैशांचा. “दोन-तीनशे रुपयांची वस्तू. तिच्यासाठी इतका खटाटोप कशाला? वेळेला किंमत नाही का?” हा प्रश्न सुशिक्षित, मिळवती माणसं विचारतात म्हणून त्याला सरळ उत्तर देते. ट्यूब बंद करून ठेवायला दोन मिनिटं लागतात. नवी आणायची तर कपडे बदलून, दुकान उघडं असताना, पावसात जावं लागतं. वेळेचाच हिशेब असेल तर तो जपण्याच्या बाजूने लागतो.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ट्यूब घरात नसली की काम लांबतं. ओट्यामागचा सांधा सुटलेला दिसतो, ‘पुढच्या रविवारी ट्यूब आणू’ असं ठरतं आणि असे सहा रविवार जातात. तेवढ्यात पाणी ओट्याखालच्या कपाटात उतरतं, प्लायवूड फुगतं, झुरळं घर करतात. खिडकीच्या खालच्या चॅनेलजवळची बोटभर फट पहिल्या पावसात भिंतीवर फक्त ओलेपणा दाखवते; दोन पावसाळ्यांत तिथला रंग आणि पुट्टी पोपडे धरून सुटते. दोनशे रुपयांच्या उरलेल्या मालाची किंमत दोनशे रुपये नसते. जे काम त्याच संध्याकाळी होऊ शकलं त्याची ती किंमत असते. माझ्या घरात गळती लहान असतानाच थांबते, कारण ट्यूब कपाटात तयार असते. हा शहाणपणाचा नव्हे, हाताशी असण्याचा फायदा आहे.

आणि पैशांतच मोजायचं असेल, तर त्या मालामागे काय खर्च झाला आहे तेही मोजा. सिलिकॉनचं मूळ गारेच्या दगडात, क्वार्ट्झमध्ये आहे. विजेच्या भट्टीत, २००० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, कोळशाबरोबर तापवून त्यातून सिलिकॉन हे मूलद्रव्य वेगळं करतात. एक किलो काढायला साधारण ११ ते १३ युनिट वीज जाते. मग १९४० च्या सुमारास अमेरिकेत यूजीन रोचो आणि जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीने त्याची मिथाइल क्लोराइडबरोबर क्रिया घडवतात, आणि तिथून पुढे अनेक टप्प्यांनी ट्यूबमधला लगदा तयार होतो. इतक्या आगीतून आलेल्या वस्तूचे चार भाग न वापरता फेकायला आपल्याला काहीच वाटू नये, हे मला बरं वाटत नाही.

फेकल्यावर ती जाते कुठे, हेही विचारायला हवं. भंगारवाला ती घेत नाही, कारण प्लॅस्टिकच्या नळकांड्यात रबर अडकलेलं असतं आणि ते वेगळं करण्यात त्याला काही सुटत नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रंगाचे टाकलेले डबे, कीटकनाशकांचे डबे, वापरलेल्या बॅटऱ्या अशा वस्तूंचा ‘घरगुती घातक कचरा’ असा वेगळा गट केला. ओल्या सीलंटने भरलेली ट्यूब त्याच जातीची वस्तू आहे. आपण मात्र ती भाजीच्या देठांबरोबर पिशवीत बांधतो आणि कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटांना तो चिकट लगदा लागतो. त्या हातांचा विचार केला तरी भरलेली ट्यूब टाकताना थबकायला हवं.

तिसरा युक्तिवाद सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला मी पूर्ण मान देते. “जुना माल धरत नाही. बाथरूमचा सांधा सुटला आणि खालच्यांच्या छतातून पाणी उतरलं, तर दोनशे रुपये वाचवून काय मिळालं?” भीती खरी आहे. पण यात दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या जातात: ट्यूब उघडलेली असणं आणि ट्यूबची मुदत संपलेली असणं. ट्यूबवर छापलेली तारीख बंद ट्यूबची असते, कारखान्यातून निघाल्यापासून बहुधा वर्षभराची, आणि तीही थंड, कोरड्या जागी ठेवली तर. मुदत उलटलेली न उघडलेली ट्यूबही दगा देते; तिच्यातला माल कधी आतच घट्ट होतो, तर कधी लावल्यावर आठवडाभर चिकटच राहतो. उलट मुदतीतली, नीट बंद केलेली, अर्धी ट्यूब नव्यासारखी धरते. तेव्हा प्रश्न ‘उघडली होती का’ हा नको. ‘आज धरते का’ हा हवा, आणि त्याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. टाइलच्या तुकड्यावर किंवा काचेच्या बाटलीवर एक रेघ ओढा. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेत साय धरते का पाहा. दुसऱ्या दिवशी नखाने उचकटून पाहा. ताणलं तर रबरासारखं ताणून परत आलं पाहिजे आणि टाइल सोडायला नाराज दिसलं पाहिजे. तसं झालं तर वापरा. नाही झालं तर तीच ट्यूब मी स्वतः टाकून देते.

शिवाय सांधे सुटतात ते बहुतेक वेळा मालाच्या जुनेपणामुळे नव्हेच. जुनं सिलिकॉन न खरवडता त्यावर नवं ओढलं म्हणून सुटतात, कारण घट्ट झालेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. साबणाचा तेलकट थर न पुसता, ओल्या टाइलवर काम उरकलं म्हणून सुटतात. रेघ घट्ट व्हायच्या आत नळ सोडला म्हणून सुटतात. कालच आणलेली ट्यूब अशा जागेवर लावा, तीही सुटेल. खालच्या घराची काळजी असेल तर ट्यूबचं वय पाहण्याआधी सांधा ब्लेडने खरवडा, पुसा आणि रात्रभर सुकू द्या.

काही बाबतींत मात्र मी ‘टाकून द्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूला आहे आणि ते मोकळेपणाने सांगते. पॉलियुरेथेनचं सीलंट उघडलं की लवकर संपवावं. तेही ओलाव्याने घट्ट होतं, पण घरच्या घरी ते टिकवणं अवघड आहे, आणि त्या ट्यूबसाठी मी भांडणार नाही. इमारतीच्या दर्शनी काचा, माशांची टाकी, जिथे रेघेवर काचेचं किंवा पाण्याचं वजन पेललं जातं, तिथे नवी आणि त्या कामासाठीचीच ट्यूब घ्यावी. आणि उरलेली ट्यूब जवळ आहे म्हणून कुठेही वापरू नये. आंबट वासाच्या सिलिकॉनचं ॲसिड चुनखडीच्या दगडाला खातं. कडाप्पाचा ओटा, शहाबादी फरशी आणि संगमरवर, सगळे त्यातच येतात. आरशाच्या पाठीवरही ते लावू नये. तिथला रुपेरी थर काळा पडतो. म्हणून ट्यूबवरचं ‘ॲसिटॉक्सी’ की ‘न्यूट्रल’ हे वाचूनच हात घालावा.

जपणाऱ्यांच्या बाजूचे लोकही कमी चुकत नाहीत, आणि त्यांच्या चुकांमुळेच ‘बघा, नाही ना टिकली’ म्हणायला वाव मिळतो. नोझलमध्ये खिळा खुपसणं ही त्यातली सर्वांत लाडकी युक्ती. खिळा गुळगुळीत असतो, तो उपसला की कधी बूच त्याच्याबरोबर येतं, कधी आतच राहतं. आणि आंबट सिलिकॉनमधल्या ॲसिडने तो गंजतो, मग पुढच्या वेळी पांढऱ्या रेघेत तपकिरी डाग उतरतो. खुपसायचाच असेल तर रुंद आट्यांचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या; तो ओढताना आट्यांमध्ये धरलेलं बूच घेऊनच बाहेर येतो. कुणी ट्यूब फ्रीजरमध्ये ठेवतात. ॲक्रिलिक गोठलं की फाटतं, ताकाची कढी फाटावी तसं, आणि पुन्हा एकजीव होत नाही. सिलिकॉनची थंड ट्यूब बाहेर काढली की गळ्याशी दव धरतं, म्हणजे ज्या ओलाव्यापासून वाचवायचं तोच तोंडाशी आणून ठेवला. आणि जेवणाच्या पदार्थांशेजारी ही वस्तू ठेवूच नये. कुणी सगळ्याच ट्यूबा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात घालतात. सिलिकॉनला ते उत्तम, पण त्याच डब्यात ॲक्रिलिक घातलं तर पुड्या त्याचं पाणी ओढून घेतील.

मग करायचं काय? काम संपलं की आधी गनची मागची पट्टी दाबून दांडा सैल करा. हे विसरलं की दट्ट्यावर दाब राहतो, माल झिरपत राहतो आणि नोझलच्या टोकाला गोळा जमतो. नोझलचं टोक पुसा, नोझल पिळून काढा, ट्यूबच्या गळ्यावर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीचा चौकोनी तुकडा ताणून ठेवा आणि त्यावरच नोझल पुन्हा घट्ट बसवा. हाच ट्यूबचा दादरा. टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. नोझलमधला माल घट्ट झाला तर होऊ द्या. पुढच्या वेळी तो अख्खा ओढून निघतो, आणि नाही निघाला तर हार्डवेअरच्या दुकानात सुटी नोझल मिळते. सिलिकॉन घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. ॲक्रिलिक हवा काढून बांधलेल्या पिशवीत, पुड्यांशिवाय. दोन्ही उभ्या, सावलीत. गॅलरीतल्या उन्हात किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवलेल्या ट्यूबने दगा दिला तर तो दोष तिचा नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मार्करने तारीख लिहा. कुठल्या दिवशी उघडली, प्रकार कोणता, कुठे वापरली. माझ्या कपाटातल्या एका ट्यूबवर ‘१२ जून, न्यूट्रल, हॉलची खिडकी’ असं लिहिलं आहे. त्या एका ओळीने पुढच्या वेळचा अर्धा संशय मिटतो. तारीख नसलेली ट्यूब परकी वाटते आणि परक्या वस्तूवर कुणी विश्वास ठेवत नाही.

उत्पादकांकडे माझी एक मागणी आहे. ट्यूबवर बंद ट्यूब कशी ठेवावी ते छापता, तसं ‘उघडल्यानंतर’ काय करावं तेही मराठीत, हिंदीत, जिथे विकता तिथल्या भाषेत दोन ओळींत छापा. घराच्या मापाच्या लहान ट्यूबा वाढवा, आणि त्या मिलीलिटरमागे इतक्या महाग ठेवू नका की माणसाला मोठीच घेणं शहाणपणाचं वाटावं.

सोसायट्यांकडेही एक आहे. एका ट्यूबमध्ये पाच घरांच्या सिंकचा माल असतो, तर पाच घरांनी पाच ट्यूबा का उघडाव्यात? आमच्या विंगमध्ये आम्ही चार घरांनी एक बरणी ठेवली आहे. तिच्यात एक पांढरी, एक पारदर्शक आणि शेजारी गनसाठी एक खुंटी. ज्याला लागेल तो नेतो, वापरतो, दादरा बांधून, तारीख लिहून परत ठेवतो. गेल्या दोन पावसाळ्यांत चार घरांची मिळून तीन ट्यूबांत कामं झाली, आणि एकही कचऱ्यात भरलेली गेली नाही.

गेल्या मे महिन्यात ते मिस्त्री बाथरूमच्या कामाला पुन्हा आले होते. नवी ट्यूब आणायला निघाले, तेव्हा मी बरणीतली पुढे केली. त्यांनी तारीख वाचली, नोझल काढली, प्लॅस्टिकचा तुकडा उचलून थेंबभर माल अंगठ्याच्या नखावर घेतला आणि ताणून पाहिला. मग मान हलवून गनमध्ये घातली. काम झाल्यावर ट्यूब ओट्यावर ठेवताना या वेळी ते वाक्य आलं नाही. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि विचारलं, “आज तारीख किती, ताई?”